बटणं खालून वर

आमच्या भाऊजींना काही विचारलं, तर ते आधी सुई खाली ठेवतात, मग चष्मा काढतात, मग समोरच्याकडे बघतात आणि म्हणतात, "हं." एवढी तयारी बघून नवख्या माणसाला वाटतं, आता भाषण होणार. पण पुढे काही नाही, तेवढंच. म्हणून त्यांच्याविषयी लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, तीसुद्धा बाईंना माझी दया आली म्हणून. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं. लिहायला बसण्याचं दुसरंही एक कारण आहे. ते सांगताना मला लाज वाटते, पण तेच सांगायचं आहे.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लढाईवरून परत आले तेव्हा चोवीस वर्षांचे होते. हातात एक पत्र्याची ट्रंक. मला म्हणाले, "दोन महिने राहतो, वहिनी. तोवर कुठेतरी सोय बघतो." त्याला बेचाळीस वर्षं झाली. अजून बघतायत. मध्ये आमचे हे गेले, मुलाचं लग्न झालं, सून आली. भाऊजी जिन्याखालच्या खोलीतच आहेत. त्यांच्या लग्नाचा विषय मी तीनदा काढला. तिन्ही वेळा "हं". चौथ्यांदा काढला नाही.

एका मोठ्या शिंप्याच्या दुकानात ते काज-बटणाचं काम करतात. तिथे त्यांना सगळे "फौजी" म्हणतात. साध्या शर्टांची काजं आता मशीनवर होतात, पण भारीतला कोट असला की मास्तर म्हणतात, "हा फौजीकडे द्या." आधी कापडाला चीर पाडायची, मग मेण लावलेला दोरा घेऊन त्या चिरेच्या कडेनं टाक्याला टाका चिकटून घालत जायचं, कुठे उसवायला जागा ठेवायची नाही. बटणाचीही त्यांची रीत आहे. जाड कोटाला बटण अगदी चिकटवून शिवायचं नाही. मध्ये काडेपेटीतली काडी धरायची, शिवून झालं की काडी ओढून काढायची, आणि जो दोरा सैल उरतो त्याला वेढे द्यायचे. म्हणजे बटण कापडापासून थोडं उचललेलं राहतं. "कशाला एवढा खटाटोप?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "गारठलेल्या बोटांना सापडायला हवं." मला वाटलं, दुकानातलंच काही बोलणं असेल.

त्यांची एक छोटी कात्री आहे. रोज शर्टाच्या खिशातून दुकानात जाते, खिशातूनच परत येते. त्या कात्रीनं दोरा आणि कापड सोडून काही कापायचं नाही, हा आमच्या घरातला एकच कायदा. एकदा सुनेनं घाईत त्या कात्रीनं दुधाची पिशवी कापली. भाऊजी तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. ते आम्हाला चौथ्या दिवशी कळलं.

आता मुद्द्याचं सांगते.

ते आल्यानंतरच्या तिसऱ्या थंडीतली गोष्ट. सकाळी मी त्यांच्यासाठी गरम पाण्याची बादली घेऊन खाली गेले. दार थोडं उघडं होतं. आत खुर्चीच्या पाठीवर त्यांचा लढाईवरचा जाड कोट चढवलेला होता, माणूस बसल्यासारखा. आणि भाऊजी त्याच्यासमोर गुडघ्यावर बसून त्याची बटणं लावत होते. घाई नाही, काही नाही. एक बटण लागलं की थोडं थांबायचे. कुणाचं तरी बोलणं ऐकत असावेत तसा चेहरा. सगळं झाल्यावर उठले आणि कोटापुढे उभे राहिले. मी बादली पायरीवर ठेवली, चार पायऱ्या वर गेले आणि मोठ्यानं खोकले.

पुढच्या दिवशी मी मुद्दाम बघितलं. नाही म्हणणार नाही. तेच. थंडी असेपर्यंत रोज तेच, आणि मग दर वर्षी. थंडी सुरू झाली की खालून ट्रंकेची कडी वाजायची, डांबराच्या गोळ्यांचा वास जिन्यावर यायचा, आणि मी पाणी न्यायच्या आधी खोकायला लागायचे. सगळ्यांना वाटायचं, आईची छाती कमजोर आहे.

हे मी कुणाला बोलले नाही. ह्यांनासुद्धा नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं ह्यांचं कायमचं म्हणणं, पण हा एक तीळ मी एकोणचाळीस वर्षं तोंडात ठेवला. त्याचा मला मनातून थोडा गर्वही होता. गर्व होता म्हणूनच बहुतेक तो असा निसटला.

गेल्या वर्षी वरच्या खोलीत एक मुलगी भाड्यानं राहायला आली. तिशीची असेल. टीव्हीच्या मालिका लिहिते. माझ्या वयाच्या बाईला याचं केवढं अप्रूप. तेव्हा ती लिहायची ती मालिका रोज साडेसातला लागायची. लढाईवरून आलेला एक फौजी, त्याला घरात मेलेली माणसं दिसतात. नळ आपोआप सुटतो, दिवे जातात येतात, भिंतीतून आवाज येतो. आमच्याकडे हे सगळं होतं, फक्त आम्ही त्याला भूत न म्हणता घरमालकाला निरोप पाठवतो.

आम्ही सगळे बघायचो. भाऊजीसुद्धा. लढाईचं काही लागलं की ते उठून जातात, पण यात लढाई नव्हती, घरच होतं, म्हणून दाराजवळच्या स्टुलावर मांडीवर कोट घेऊन बसायचे. टाका घालता घालता वर बघायचे. महिनाभरात एकदाच बोलले, "बंदूक उलटी धरलीय."

एके दुपारी ती वरची मुलगी तोंड पाडून खाली आली. चहा दिला तर नुसता ढवळत बसली. चॅनलवाले म्हणे मालिका बंद करणार. भूत कुणाला घाबरवतच नाही.

"आजी, तुमच्या इतक्या वर्षांत कधी काही विचित्र बघितलं नाही का तुम्ही?"

मी आमच्या जुन्या शेजारणीच्या मांजराची गोष्ट सांगितली. छान आहे म्हणाली. मग आत्याच्या अंगात यायचं ती सांगितली. तिनं "हो का" म्हणून घड्याळाकडे बघितलं. त्या बघण्यानं घात केला. घरात दिवसभर माझ्याशी कोण बोलतं? मुलगा येतो आणि जेवण झालं का विचारतो. सून चांगली आहे, पण तिला कामं आहेत. ही पोर समोर बसून माझं ऐकत होती आणि आता उठणार होती.

मी म्हणाले, "तसं आमच्या भाऊजींचं एक आहे."

तिनं कप खाली ठेवला.

नुसतं सांगितलं असतं तरी पाप थोडं कमी झालं असतं. मी करून दाखवलं. स्वयंपाकघरातली खुर्ची ओढली, तिला माझा स्वेटर घातला, पुढ्यात बसले आणि वरून एक एक करत खालपर्यंत बटणं लावली. शेवटी त्या स्वेटरच्या छातीवर दोन थापा मारल्या. मुलगा लहानपणी शाळेत निघाला की मी त्याला असाच तयार करायचे, हाताला सवयच ती. चेहराही केला भाऊजींसारखा, ओठ मिटून. पोरगी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मीही हसले. मग ती एकदम गप्प झाली आणि पिशवीतून वही काढली.

"हे टीव्हीत नाही ना येणार?" मी विचारलं.

"आजी, खरी नावं कधीच येत नाहीत."

ते मी उत्तर समजले.

तीन आठवड्यांनी ते आलं. सगळे बसलो होतो. पडद्यावर तो फौजी खोलीत गेला, खुर्चीवर कोट चढवला, गुडघ्यावर बसला आणि बटणं लावायला लागला. वरून खाली. शेवटचं बटण लावून त्यानं छातीवर दोन थापा मारल्या आणि तो वळला. मग त्याच्या पाठीमागे कोटाची बटणं आपोआप निघायला लागली. एक, दोन, तीन. सुनेच्या हातातला चहा सांडला. मुलगा म्हणाला, "आता कुठे मजा आली."

मी हळूच भाऊजींकडे बघितलं. त्यांचा हात सुईसकट हवेतच थांबला होता. ते टीव्हीकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी टाका पूर्ण केला.

दुसऱ्या दिवशी जो तो कोटाबद्दल बोलत होता. मालिका बंद व्हायची वाचली. दुकानात कारागीर एकमेकांना म्हणायचे, "लावलेलं बटण निघालं रे, फौजीला बोलवा." हे मला मास्तरांच्या बायकोनं सांगितलं, गंमत म्हणून. त्यांना कुणालाच काही माहीत नव्हतं. माहीत होतं आम्हा दोघांना, आणि वर राहणाऱ्या त्या पोरीला. माझा मुलगा तर घरी आला की अंगातलं जाकीट खुर्चीवर टाकायचा आणि म्हणायचा, "काका, लक्ष ठेवा हं, बटणं काढून पळेल." सगळे हसायचे. मीही हसायचे. हसले नाही तर कळेल, म्हणून हसायचे. भाऊजी मान खाली घालून शिवत असायचे आणि मी त्यांच्यासमोर हसत असायचे. आयुष्यात लहानमोठी लाज पुष्कळ वाटली, पण स्वतःच्या हसण्याची वाटली ती तेव्हाच.

भाऊजी त्यावर एका शब्दानं बोलले नाहीत. जेवत होते, दुकानात जात होते, माझ्या गोळ्या संपल्या की न सांगता आणत होते. मला वाटायचं, भांडावं यांनी. ताट सरकवावं. मी त्यांना वाढताना चेहऱ्याकडे बघायचं सोडून दिलं, कॉलरकडे बघून वाढायचे. दुधावरची साय त्यांच्या कपात टाकायला लागले. चार दिवसांनी म्हणाले, "वहिनी, सवय नाही. पोट बिघडतं."

मग थंडी आली, आणि ट्रंकेची कडी वाजली नाही.

मी रोज पाण्याची बादली घेऊन जिन्यावर उभी राहायचे आणि खोकायचे. आतून लगेच आवाज यायचा, "या, वहिनी." दार सताड उघडं. आत भाऊजी पलंगावर बसलेले, हात मांडीवर. आठवड्यानं त्यांनी ती खुर्चीच उचलून हॉलमध्ये आणून ठेवली. सुनेला म्हणाले, "टीव्हीपुढे एक कमी पडते ना." सून खूश झाली. तेव्हापासून माझा मुलगा त्याच खुर्चीवर बसून मालिका बघायला लागला.

कुणाशी तरी असलेलं त्यांचं जे काही होतं, ते त्या खुर्चीपाशी होतं. एकोणचाळीस वर्षं आमच्या घरात त्याला जागा होती. ती मी घालवली, आणि परत कशी द्यायची ते मला कळत नव्हतं. नुसतं "चुकले" म्हणायलाही तोंड उघडेना. बाकीच्या वेळी बंद होत नाही ते तोंड.

मालिका ते मात्र रोज बघायचे. एक दिवस चुकवला नाही. शेवटचा आठवडा आहे असं कळलं तेव्हा एकदा स्वयंपाकघरात आले. हातात सुई नव्हती, चष्मा आधीच काढलेला.

"वहिनी, त्या वरच्या बाईंना एक विचाराल?"

"काय, भाऊजी?" मी फोडणीकडे बघत म्हणाले.

"शेवटी तो मेलेला येणार आहे म्हणे समोर. तो फौजीला काय म्हणतो, तेवढं विचारा."

आणि गेले. माझी फोडणी जळली.

त्याच संध्याकाळी धापा टाकत वर गेले. पोरीनं मला पलंगावर बसवलं, पाणी दिलं. मी विचारलं.

"म्हणत काही नाही, आजी," ती म्हणाली. "कोटाची कॉलर धरून गळा आवळतो त्याचा. त्याला घेऊन जातो."

"माफ नाही करत?"

"भुतानं माफ केलं तर लोक चॅनल बदलतात."

"बदल की गं. तूच लिहितेस ना?"

"चित्रीकरण होऊन गेलं, आजी. माझ्या हातात आता काही नाही." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिचा आवाज उतरला. "का? काकांनी विचारलं का?"

मी "नाही" म्हणाले आणि खाली आले. एक खोटं. पुढचं लवकरच होतं.

शेवटचा भाग होता त्या दिवशी भाऊजी सहाला दुकानातून आले. शर्ट खुंटीवर अडकवला आणि हातपाय धुवायला गेले. मी हॉलमध्ये टीव्हीमागे वाकलेली. केबलची वायर कापायची असं माझं ठरलं होतं, पण भाजीची सुरी त्या वायरीवर नुसती घसरत होती. नळाचा आवाज चालू होता, वेळ थोडा होता. मी खाली त्यांच्या खोलीत गेले, खिशातली कात्री घेतली, वर येऊन वायर कापली, कात्री परत ठेवली. चोर तरी यापेक्षा शांतपणे काम करत असेल. घाईत मी खिशाचं बटण लावायचं विसरले.

साडेसातला टीव्हीवर नुसती खरखर. मुलगा चरफडला. "नेमकी आज केबल गेली." पाच मिनिटं रिमोट आपटला, मग तो आणि सून शेजारी बघायला गेले. "काका, चला की." भाऊजी म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. एवढं काज होऊ दे."

घरात आम्ही दोघंच. ते स्टुलावर, मी भाजी निवडत. त्यांनी टाका संपवला, गाठ मारली आणि दोरा कापायला कात्री लावली. दोरा कापला गेला नाही, चावला गेला. त्यांनी कात्री दिव्यासमोर धरली. पात्यावर अंगठा फिरवला.

"वहिनी, या कात्रीनं काय कापलंत?"

"दुधाची पिशवी," मी म्हणाले. सत्तरी ओलांडलेली बाई मी, आणि खोटं सुचलं तेही सुनेचं वापरलेलं.

"पिशवीनं खाच पडत नाही," ते म्हणाले. "तांब्याच्या तारेनं पडते."

मी भाजी बाजूला सारली. आता सरकायला जागाच नव्हती.

"केबल मी कापली. शेवट तुम्ही बघू नये म्हणून. आणि भाऊजी, ते कोटाचं..." मी पदराला हात पुसले. "ते त्या पोरीला मी सांगितलं. करून दाखवलं. हसले मी."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. शेवटच्या त्या दोन थापा तुमच्या होत्या. पोराला शाळेत पाठवताना मारायचात तशा." त्यांनी कात्री मांडीवर ठेवली. "आणि बटणं वरून खाली. तेही तुमचंच. मी खालून वर लावतो. वारा खालून शिरतो म्हणून."

इतकी वर्षं चोरून बघितलं आणि एवढंही माझ्या डोळ्यांनी नीट घेतलं नव्हतं.

मग ते बोलले. बेचाळीस वर्षांत बोलले नसतील तेवढं एका बैठकीत, मध्ये मध्ये थांबत. बर्फातल्या एका चौकीवर ते आणि त्यांचा सोबती असे बरोबर होते. सोबत्याची बोटं थंडीनं सुजली, बटण धरता येईना. म्हणून रोज सकाळी पहाऱ्यावर जायच्या आधी भाऊजी त्याच्या कोटाची बटणं लावून द्यायचे. तो वरून बडबड करायचा, घरचं, गावचं, हसवायचा. गळ्याचं बटण मात्र लावू द्यायचा नाही. "आवळतं," म्हणायचा.

"मी झोपेत ओरडायचो तेव्हा," भाऊजी म्हणाले. "आईला हाका मारायचो. ते त्यानं ऐकलं होतं. एकदा त्यानं बाकीच्यांना ते करून दाखवलं. सगळे हसले. तोही हसला. वाईट मनाचा नव्हता. करमत नव्हतं तिथे कुणाला."

मी खाली बघत बसले. त्यांनी ते मला टोचायला सांगितलं नव्हतं. झालं ते तसंच झालं होतं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोट घालून समोर उभा राहिला, रोजच्यासारखा. मी म्हणालो, आज तुझी तू लाव. आणि गेलो मी. तो तसाच पहाऱ्यावर गेला. वारा सुटला, दुपारपर्यंत कुणाला तिकडे जाता आलं नाही. गेलो तेव्हा बसलेला होता. हात कोटावर." भाऊजींनी चष्मा घातला, परत काढला. "सगळ्यात खालचं एक बटण लागलेलं होतं. तेवढं जमलं होतं त्याला."

शेजारून त्या मालिकेचं संगीत ऐकू येत होतं.

"मग माझ्यावर रागावला का नाहीत?" मी विचारलं.

"रागावलो की. पुष्कळ रागावलो. पण एकदा रागावून बघितलंय, वहिनी. अबोला धरायचा नाही, ताट सोडायचं नाही, तुमच्या गोळ्या विसरायच्या नाहीत, एवढं ठरवलं होतं. खुर्ची तेवढी ठेववेना. कोटाकडे बघितलं की तुमच्या थापा दिसायच्या."

"तो येतो का हो, भाऊजी? दिसतो?"

"कधीच नाही. बेचाळीस वर्षं बटणं लावतोय, एकदा येऊन काही बोलला असता तर बरं झालं असतं. म्हणून तर विचारायला सांगितलं. म्हटलं, त्या बाईंच्या लिहिण्यात तरी आला तर काय म्हणेल."

मला पुन्हा खोटं बोलता आलं असतं. माफ करतो, म्हणून सांगता आलं असतं. तसं सांगावं असं मनात येऊनही गेलं. पण त्यांच्या मांडीवर ती कात्री होती, खाच दिसत होती.

"तो काही म्हणत नाही," मी सांगितलं. "कॉलर धरून गळा आवळतो."

भाऊजींनी विचार केला. एखादा कोट उलटून आतली शिलाई बघावी तसा, सावकाश.

"कॉलर?" ते म्हणाले. "मग तो नव्हेच तो."

त्यांनी काजाचा कोट परत मांडीवर घेतला आणि खाच चुकवून, पात्याच्या टोकानं दोरा कापला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले, हॉलमधली ती खुर्ची उचलली आणि जिना उतरले. माझे गुडघे काही खुर्च्या वाहायचे राहिलेले नाहीत, चार ठिकाणी आपटली. खाली भाऊजी दारात उभे होते, आवाजानं जागे झाले असणार. त्यांनी खुर्ची घेतली, जागेवर ठेवली आणि ट्रंकेची कडी काढली. मी वळले.

"थांबा," ते म्हणाले.

मी उंबऱ्यावर थांबले. त्यांनी कोट खुर्चीला घातला, खांदे सारखे केले, गुडघ्यावर बसले. आता त्यांचीही बोटं सांध्यांत सुजतात. खालच्या बटणाला बराच वेळ लागला. मग त्याच्या वरचं. मग त्याच्या वरचं. गळ्याचं तसंच सोडलं. माझा हात आपोआप पुढे झाला होता, सवयीनं. मी तो मागे घेतला आणि दुसऱ्या हातात धरून ठेवला.

संध्याकाळी मुलगा टीव्हीपुढे आला आणि इकडेतिकडे बघायला लागला. केबलवाला येऊन नवी वायर घालून गेला होता. उंदरानं कुरतडली असेल म्हणाला. मी तशीच राहू दिली त्याची समजूत.

"आई, खुर्ची कुठे गेली?"

"काकांना लागते."

"कशाला? एकटा माणूस, पलंग आहे, स्टूल आहे. का काकांचाही कोट बसतो तिच्यावर?"

तो हसला. सून हसली. मी हसले नाही. मी भाऊजींकडे बघितलं. त्यांनी सुई खाली ठेवली. चष्मा काढला. आम्ही सगळे "हं"ची वाट बघत होतो.

"सांगा, वहिनी," ते म्हणाले. "एकदा सांगितलंतच, तर आता नीट सांगा. त्याचं नाव तेवढं नको."

मुलगा हसायचा थांबला. मी त्याला समोर बसवलं, आणि खालच्या बटणापासून सुरुवात केली.